जोडीचा माणूस

कंट्रोल रूममध्ये सखारामदादा एकटेच बसायचे. पडद्यावरचं बटण दाबण्याआधी ते मोठ्याने विचारायचे, "सोडू काय रे?" मग जरा थांबायचे आणि दाबायचे. माझी प्रयोगशाळा काचेपलीकडेच. नवी होते तेव्हा मला वाटलं, फोनवर बोलताहेत. फोन कुठला आलाय! तो बाहेर पेटीत जमा असायचा.

पूर्वी दादा वरच्या मजल्यावर असत आणि खाली नळ्यांचे सांधे बघायला त्यांचा जोडीदार यशवंत. वरून विचारायचं, खालून "सोड" आलं की मगच व्हॉल्व्ह फिरवायचा. कारखान्यात संगणक आले, व्हॉल्व्ह पडद्यावरून उघडू लागले आणि यशवंतचं काम संपलं. तो मुंबईला गेला.

म्हातारा यंत्राला घाबरला असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. सगळ्यात आधी पडदा शिकले ते दादाच, इतरांनाही त्यांनीच शिकवलं. "मशीन गुनाची हाय," म्हणायचे, "पन बोलत नाय."

बायको वारलेली, मुलगा मुंबईत, कारखान्याजवळ बिरवाडीत भाड्याची खोली. दिवसभरात त्यांच्याशी कोण बोलत असेल, या विचाराने मला गलबलून यायचं. एकदा दारातून मीच म्हटलं, "सोडा, दादा." ते हसले, पण बटण काही दाबलं नाही.

"तू नको गो बाय. तुला खालचा काय दिसतंय?"

खरं सांगते, मला राग आला. एवढ्या मायेने बोलायला जावं आणि वर हे ऐकून घ्यावं! आठवडाभर मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

निवृत्तीच्या वेळी साहेबांनी त्यांना थांबायची गळ घातली. पगारही वाढवून देणार होते. दादांची अट एकच, खाली एक माणूस द्या. साहेब भला माणूस. खाली कॅमेरे आहेत, सगळं पडद्यावर दिसतं, असं त्यांनी समजावलं. दादांनी मान डोलावली.

"खरा हाय, साहेब. वाल अडकला तर पडदा सांगतो. मला काय झाला तर कोन सांगंल?"

साहेबांनी त्यावरही उपाय काढला. मनगटावर बांधायचा पट्टा मागवला; ठोके बिघडले की ऑफिसात घंटा वाजणार. दादांनी तो बांधून पाहिला, हात उलटसुलट केला आणि सोडून टेबलावर ठेवला. महिनाअखेर ते पोलादपूरच्या वर डोंगरातल्या आपल्या वाडीत निघून गेले.

तिथे बहुतेक घरांना कुलपं आहेत, हे मला ठाऊक होतं. न राहवून मी फोन केला. एकटं कशाला राहता, बिरवाडीला परत या, म्हणून विनवलं.

"हितं एकलाच हाय, ता मला ठावं हाय गो," दादा म्हणाले. "तिथं उगाच वाटायचा, खाली कोनतरी हाय."

मी फोन ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही. बराच वेळ आम्ही दोघं तसेच फोन कानाला लावून होतो.