देवीचं नाव नको

आमच्या आईला वेड लागलंय हे गावाला कळलं, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती चांगली शहाणी होती. ग्रामसभेत उभी राहून तिने फक्त एवढंच विचारलं होतं, "तलावाचं पानी सरपंचाच्याच बांध्याईत काहून जाऊन राहिलं?"

लाखांदूरकडच्या आमच्या गावात धान तलावाच्या पाण्यावर पिकायचा. आधी शेवटच्या बांधीला, म्हणजे सगळ्यांत खालच्या भातखाचराला पाणी, मग वरच्यांना, असा जुना रिवाज होता. आमची बांधी अगदी शेवटची. त्या वर्षी पाऊस लवकर गेला; धान निसवायला आलेला आणि खालच्या जमिनीला भेगा. त्यात आणीबाणीचे दिवस. तोंड उघडणाऱ्या पुरुषाला तुरुंगाची भीती घालत. बाईसाठी नागपूरचा पागलखाना होता. सरपंच घरी आला आणि बाबांना अगदी मायेने म्हणाला, "भाऊ, वहिनीचं डोकं फिरलं. पुढच्या सभेतूनच नागपूरले नेऊ. जीप माही." बाबांनी मान हलवली. त्या मानेचा मला आजही राग येतो.

आत्या घाबरून गेली. तिने तोडगा काढला, "वहिनी, केस सोड, मळवट भर, देवी अंगात आली म्हन. मंग हेच बोल. सरपंच पाया पडन तुह्या."

पडलाही असता. आमच्याकडे अंगात आलेल्या बाईला कुणी वेडी म्हणत नसे, तिच्यापुढे नारळ फुटत. शब्द तेच चालले असते, फक्त ते आईचे नकोत, देवीचे हवेत.

"देवीले कायले मधात घालू?" आई म्हणाली. "कोरडी बांधी म्या पाह्यली."

सभेच्या दिवशी तिने तेल लावून केस करकचून बांधले. जीप मारुतीच्या देवळाजवळ येऊन थांबलेली. आई बोलायला उभी राहताच हशा पिकला. तो ओसरेपर्यंत ती थांबली.

"म्या बसीन गाडीत," ती म्हणाली. "पयले समदे आमच्या बांधीवर चला. तिथं पानी दिसलं, तर म्या पागल."

कुणी जागचं हलेना. सरपंचाने ड्रायव्हरला खूण केली, तेव्हा बाबा उठले. आता हे आईचा हात धरून तिला जीपमध्ये बसवणार, असं वाटून मला रडूच फुटलं. पण ते गेले सरपंचापुढे.

"जीपमंदी दोघाईची जागा हाये का?" त्यांनी विचारलं. "बांधी मलेबी कोरडीच दिसते."

आमच्या शेजारच्या बांधीचा म्हातारा काठी टेकत उठला. "मंग माहीबी जागा धर."

त्याच्यामागे खालच्या बांध्यांवाले एकेक करून उठू लागले. सरपंच एकदा त्यांच्याकडे, एकदा जीपकडे बघत होता. आई तोवर तलावाच्या पाळीवरून आमच्या बांधीच्या वाटेला लागली होती.