साडूंचं ओझं

बुलडाणा जिल्ह्यात असा एकही डोंगर नसेल, ज्यावर माझे साडू अख्खा संसार पाठीवर घेऊन चढले नाहीत. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून न सांगण्याच्याच, म्हणजे पंचनामे लिहिण्याच्या, नोकरीत माझी पंचवीस वर्षं गेली. साडूंचं मेहकरात मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू दुकानात नसणं ही त्यांच्या लेखी धंद्यातली अडचण नव्हती, ती घराण्याची बेअब्रू होती. हाच नियम ते डोंगरालाही लावत. आम्ही सात जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे, हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी अजिंठ्याच्या रांगेतला एखादा डोंगर चढत असू. मी एक बाटली, चार पोळ्या आणि खिशात वही एवढ्यावर निघे. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून ते म्हणत, "साडूभाऊ, तुम्ही डोंगरावर चालले का कोर्टात साक्ष द्याले?"

त्यांची पाठपिशवी त्यांनी ताडपत्रीची, मेहकरच्याच शिंप्याकडून शिवून घेतली होती. तिला बाहेरून अकरा खिसे होते आणि आतून किती, हे त्या शिंप्यालाही सांगता आलं नसतं. तिच्यात सुतळी, दाभण, पाना, पक्कड, खलबत्ता, दोन चटया, आरसा, जास्तीच्या चपलांचा जोड आणि भर जानेवारीत छत्री असे. छत्री कशाला, असं विचारलं तर "उन्हाले" म्हणत. ऊन नसलं तर "कुत्र्याले". एकदा दुसरबीडच्या थांब्यावर ते ही पिशवी घेऊन एसटीत चढायला लागले, तेव्हा कंडक्टरने अगदी आपुलकीने विचारलं, "काका, बदली कुठं झाली?" आमच्यात एक गुरांचे डॉक्टर आहेत. कमी सामानाचा त्यांना इतका सोस, की त्यांनी वजन वाचवायला दात घासायचा ब्रश अर्धा कापला होता. त्याच डॉक्टरांच्या बुटाचा तळ अर्ध्या चढावर सुटला. साडूंनी पिशवी उतरवली, दाभण काढलं, नायलॉनच्या दोऱ्याने बूट शिवला आणि परत देताना म्हणाले, "डॉक्टर, याच्यापुढं पाय पण अर्धाच आणत जा."

पण त्यांच्या सामानातला खरा ऐवज म्हणजे गवऱ्या. डोंगरमाथ्यावर रोडगे व्हायलाच हवेत, असा त्यांचा दंडक. कणकेचे गोळे गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीशी खायचे. आता हे रोडगे लाकडाच्या जाळावर होत नाहीत असं नाही. साडूंच्या मते मात्र ते रोडगे नसतात, नुसते गोळे असतात. "रानात गवऱ्या भेटते का बे कुठं?" असं म्हणत ते घरच्या गोठ्यातल्या पंचवीस-तीस गवऱ्या पोत्यात बांधून डोंगरावर नेत. रस्त्यात भेटणारी माणसं हसत. आम्हीही हसत असू. मग वर पोचल्यावर प्रत्येकी चार-चार रोडगे खाऊन त्याच चटयांवर आडवे होत असू. साडू तेवढ्यात भांडी घासून, विस्तव पाण्याने नीट विझवून, परतीची बांधाबांध करत असत. त्यांना कोणी मदत करू लागलं तर म्हणत, "पडा न गुमान, तुमचं काम नाही हे."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दुखलं. संभाजीनगरला नेलं, दोन स्टेंट बसवले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, चाला, रोज चाला, चढसुद्धा हळूहळू चढा. पण वजन उचलायचं नाही. यानंतर ते आमच्याबरोबर यायचे बंद झाले. कारण विचारायला मी दुकानात गेलो. ते पंपाच्या पट्ट्यांचा ढीग विनाकारण उलटापालटा करत होते.

"चालायची परवानगी आहे न, भाऊ?"

"हाव, आहे."

"मग काऊन येत नाही?"

"हात हालवत यायचं, अन् लोकायनं आणलेलं बसून खायचं? पाहुणा बनून मले नाही येता येत, साडूभाऊ."

तो सगळा हिवाळा आमच्या प्रत्येक रविवारी त्यांनी दुकान दिवसभर उघडं ठेवलं. पुढच्या दिवाळीनंतर त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, आमच्या घरी आली. चहाला हात न लावता म्हणाली, "ह्यायले एक डाव घेऊन जा. घरात कोणाशी बोलूनच नाही राह्यले. हे असंच चाललं तर स्टेंटाचा काय उपयोग?" मी तीन वेळा गेलो तेव्हा ते कबूल झाले, तेही अटीवर: ही एकच खेप. जमलं नाही तर परत कोणी बोलवायचं नाही.

डोंगर ठरला धामणगाव बढ्याच्या वरचा. साडू आले ते नातवाची शाळेची छोटी पिशवी घेऊन. तिच्यात पाणी, गोळ्या आणि पंचा. मेव्हणीने निघताना ती स्वतः उघडून पाहिली होती. चढताना ते पुढे होते. दर पन्नास पावलांवर थांबत, मागे वळून आमच्या पाठीवरच्या पिशव्या पाहत. त्या त्या दिवशी नेहमीपेक्षा फुगलेल्या होत्या.

माथ्यावर पोचल्यावर खुलासा झाला. आज साडू गवऱ्या आणू शकणार नाहीत, तर आपण आणू, असं आमच्यातल्या प्रत्येकाने घरी मनाशी ठरवलं होतं आणि त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा काढल्या. डॉक्टरांनी आठ काढल्या. बाकीच्यांनीही आपापल्या पुढे केल्या. मी मोजल्या: त्रेचाळीस गवऱ्या. सहा जणांत मिळून एक वांगं नव्हतं, तूप नव्हतं. साडूंनी ढिगाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"कणीक?"

आम्ही सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

साडू खडकावर बसले आणि हसू लागले. हसता हसता त्यांचा हात छातीवर गेला, तसे डॉक्टर झेपावले. "सरक बे," साडू म्हणाले, "मी माणूस आहे, म्हैस नाही. हसूनच राह्यलो." मग आम्ही चिवडा आणि पोळ्या वाटून खाल्ल्या. साडूंना काही काम नव्हतं. ते खाली पाहत बसले आणि बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "ते पांढऱ्या टाकीचं गाव कोणतं?"

"धामणगाव बढे, भाऊ. तुम्ही इथं दहा वेळा तरी आलात."

"आलो असन. पण मान कधी वर केली? मी तर चूलच फुंकत होतो." ते पुन्हा तिकडे पाहू लागले. "चांगलं दिसते बे हे."

उतरताना त्यांनी कोणाला न विचारता हुकूम सोडले: कणीक डॉक्टरांकडे, तूप माझ्याकडे, गवऱ्या एकाच माणसाकडे. "तुम्हा लोकायच्या भरवशावर सोडलं तर उपाशी मरान तुम्ही." पुढच्या खेपेला ते येणार, हे सगळ्यांना कळलं होतं.

ते अजून येतात. आदल्या दिवशी आम्हा सहाही जणांचं सामान फोनवर विचारून घेतात. त्यांची स्वतःची पिशवी मात्र दर खेपेला लहान होत गेली. गोळ्या मेव्हणी माझ्याकडे देते, पंचा गळ्यात असतो. या जानेवारीत ते नुसती पाण्याची बाटली घेऊन आले. शेवटचा चढ होता, त्यांना धाप लागली होती. मी बाटली घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

"राहू द्या, साडूभाऊ," ते म्हणाले, "एवढं तरी माह्याजवळ राहू द्या."

मी हात मागे घेतला आणि त्यांच्या चालीने चालू लागलो.