साडूंची पँट आणि मामांचा बोनस

शिंपीमामा तसे कुणाचेच मामा नव्हते. पण माप घेताना लहानथोर सगळ्यांना "पोट आत घे रे भाच्या" म्हणायचे, म्हणून अख्ख्या गल्लीचे मामा झाले. मोटारसायकल अशी चालवायचे, की रस्त्यातली कोंबडी त्यांना मागे टाकून पुढे जायची. त्यामुळे विमा कंपनीकडे त्यांनी कधी भरपाई मागितली नाही आणि हप्त्यावरची सूट चढत चढत निम्म्यावर गेली. कंपनी या सवलतीला बोनस म्हणायची, आणि हा बोनस म्हणजे मामांची छाती फुगवायची जागा. आरसा फुटला तरी पदरमोड करून बसवतील, पण कंपनीला सांगणार नाहीत.

पुढे मामांचे गुडघे कुरकुरायला लागले. हलकी स्कूटर घ्यायचं ठरलं आणि मोटारसायकल विकली गेली मामींच्या थोरल्या बहिणीच्या घरी, म्हणजे साडूंकडे. मामांनी नावबदलाच्या कागदांचं नुसतं नाव काढलं, तर मामींनी डोळे वटारले. "ताईच्या घरी आता वकील घेऊन जाणार का?"

थोरल्या साडूंकडे सही मागणं म्हणजे त्यांना चोर म्हणणं. मामांनी नुसती किल्ली देऊन टाकली. गाडी गेली, विमा मात्र मामांच्याच नावावर राहिला.

पुढे स्कूटरची चौकशी करायला गेले, तेव्हा विमा ऑफिसातल्या मुलीनं समजावलं, "काका, बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. गाडी विकलीत, आता नव्या मालकाची सही असलेला नावबदलाचा अर्ज आणा. आम्ही बोनसचं पत्र देतो, ते स्कूटरला लावा. पण त्याआधी या पॉलिसीवर भरपाई घेतलीत, तर बोनस गेला."

मामांनी लगेच कोरा अर्ज मागून घेतला. कारण साडू गाडी चालवायचे म्हणजे डोळे मिटून ढेकूण मारल्यासारखी.

आणि व्हायचं तेच झालं. नवी पँट घालून बघायला साडू दुकानात आले, ते हाताला पट्टी बांधूनच.

"काय झालं साडूभाऊ?"

"काही नाही हो. आमचं फाटक मध्ये आलं. दिवा फुटला, टाकी चेपली. विमा तुमच्याच नावावर आहे ना? एक सही ठोका, भरपाई मिळेल."

"सही तर मलाच तुमची हवी होती. नावबदलाच्या अर्जावर."

"ते होईल हो सावकाश. आधी भरपाईचं बघा."

थोरल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मामांनी टेप गळ्यात टाकली आणि पडद्याकडे बोट केलं. "आधी पँट घालून बघा. जुनी इकडे द्या, तिच्यावरून उंची ताडून बघतो."

साडूंनी जुनी पँट बाहेर दिली. नवी आत घातली, तर पायात लोळायला लागली. मामा म्हणाले, "काढा, कापतो." तीही बाहेर आली.

मग पडद्याखालून आत गेला अर्ज आणि पेन.

"हे काय?"

"सही करा, मग पँट मिळेल."

"अहो, मी थोरला साडू आहे तुमचा!"

"म्हणून तर पडदा ओढून ठेवलाय. दुसरं गिऱ्हाईक असतं तर तोही काढला असता."

आत बराच वेळ धुसफूस झाली. बाहेर एक बाई ब्लाउजचं विचारायला आल्या. मामा मोठ्यानं म्हणाले, "बसा ताई, बसा. आतलं गिऱ्हाईक आता निघतंच आहे."

सही झाली. अर्ज बाहेर आला तसे मामा गुडघे विसरून चपला अडकवून पळाले. उशीर केला तर माणूस फिरायचा, या धसक्यानं ऑफिस गाठलं, टेबलावर अर्ज ठेवला आणि मगच श्वास घेतला.

मुलीनं अर्ज तपासला, शिक्का मारला. बोनस वाचला. मग तिनं मामांच्या खांद्याकडे पाहिलं. खांद्यावर दोन पँटी लोंबत होत्या.

"काका, या कुणाच्या?"

"नव्या मालकाच्या," मामा म्हणाले आणि तिथेच खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागले.