आईनं भरलेली ओटी

मळवली स्टेशनावरून डोंगराकडे चालत निघालं की आमची संस्था लागायची. चार बैठी घरं, प्रत्येक घरात दहा मुलं आणि एक आई. देणगीदार आले की अध्यक्ष सांगायचे, हा अनाथाश्रम नव्हे, इथे प्रत्येक मुलाला आई आहे. पाहुण्या बायका लगेच डोळ्यांना पदर लावायच्या. ते वाक्य आठवलं की माझं डोकं आजही तापतं, कारण हे सांगणाऱ्यांनीच माझ्या लग्नात माझ्या आईला स्वयंपाकघरात बसवलं.

आमच्या घरची आई जवळच्याच एका वाडीतली. ऐन तारुण्यात नवरा साप चावून गेला, पदरात मूल नव्हतं, सासरच्यांनी बाहेर काढली. संस्थेला अशीच बाई हवी होती, जिला जायला दुसरं दार नाही. मला कुणीतरी लोणावळ्याच्या बाजारात सोडून गेलं होतं. पोलिसांनी आणून हिच्या मांडीवर ठेवलं. मला डांग्या खोकला झाला तेव्हा ती मला कडेवर घेऊन रुळांच्या कडेकडेनं कामशेतच्या डॉक्टरकडे गेली होती. शाळेत मी मारामारी केली की आधी मला दोन धपाटे आणि मग मास्तरांशी भांडण, हा तिचा न्याय. माझा तापट स्वभाव तिच्याकडूनच आलाय, रक्ताचं नातं नसलं म्हणून काय झालं.

माझं लग्न कामशेतच्या भातगिरणीत कामाला असलेल्या मुलाशी ठरलं. सत्तर साल तेव्हा नुकतंच उलटलं होतं. कन्यादान अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी करणार, हे संस्थेनं परस्पर ठरवून टाकलं. त्या बाईंनी मला तोवर दोनदा पाहिलं असेल, आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच मुलीच्या नावानं हाक मारली होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. भटजींनी मुलीचं गोत्र विचारलं, तर अध्यक्ष चटकन म्हणाले, काश्यप म्हणा. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, एवढं मलाही माहीत होतं. म्हणजे दान करायला मी त्यांची मुलगी, आणि गोत्र द्यायची वेळ आली की कुणाचीच नाही! फोटो नीट यावा म्हणून मात्र त्यांनी हातावर पुन्हा एकदा पाणी सोडलं.

आईला हळदीपासून कुणी बोलावलं नाही, कारण ती विधवा. आणि खरं सांगायचं तर तीही आली नाही. मला संस्थेचा राग आला होताच, पण तिचा त्याहून जास्त आला. मास्तरांशी भांडणारी बाई इथे गप्प कशी बसली?

निघायच्या वेळी अध्यक्षांच्या पत्नीनं माझी ओटी भरली. बाहेर गाडी उभी होती. मी गाडीकडे न जाता सरळ आमच्या घराच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले. आई खाली बसून पातेल्यांना राख लावत होती. माझ्या बांगड्या वाजल्या तशी तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"जा बाय," ती म्हणाली. "माज्या म्होरं येऊ नगंस. माजं नशीब तुला लागंल."

मी ओटीतलं सगळं तिच्यापुढच्या परातीत ओतलं. नारळ गडगडत चुलीपाशी गेला. माझ्यामागे आलेल्या बायका दारातच थबकल्या. रिकाम्या ओटीनं मुलगी सासरी गेली तर तिचं कधी भलं होत नाही, हे मला आईनंच शिकवलं होतं.

"आता तू भर," मी म्हटलं. "न्हाईतर मी अशीच जाते."

तिनं दारातल्या बायकांची मनधरणी केली, कुणीतरी सवाष्णीनं पुढं व्हा म्हणाली. एकजण आली, तिचा हात मी ढकलला. बाहेरून गाडीवाल्याची हाक आली. विधवेचा हात लागणं वाईट की रिकामी ओटी वाईट, याचा हिशेब ती मनात करत असणार. शेवटी उठली, हात धुतले आणि आमच्या रोजच्या भाताच्या डब्यातले तांदूळ घेतले. पाच ओंजळी घातल्या, वर नारळ ठेवला. निम्मे तांदूळ खाली सांडत होते. आणि सगळा वेळ तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते, लेकीवर आपली नजर पडू नये म्हणून.

बघ माझ्याकडे, असं मी तिला किती वेळा म्हटलं. तिनं बघितलं नाही. जिनं मला एवढी मोठी केली तिच्या डोक्यात ही घाण ज्यांनी भरली, त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार मी तिथेच, सगळ्यांच्या देखत केला. सासरच्या बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. मग गाडीत जाऊन बसले.

नवरीच्या साडीत मी कशी दिसत होते, ते माझ्या आईनं पाहिलंच नाही.