चौकटीतला अर्थसंकल्प

स्टुडिओत तिला कोणी नावाने हाक मारत नसे. "चौकट आली का? चौकटीला चहा द्या." टीव्हीच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात एवढीशी चौकट असते ना, बातम्या हातांनी सांगणाऱ्या बाईची? ती बाई ही. चौकट जरा मोठी केली तर निवेदकाचा कोट झाकला जातो म्हणून लोक तक्रार करायचे. एवढी तिची किंमत.

"मॅडम, तुमचे ते हातवारे..." असं कोणी म्हणालं की मात्र ती फाडकन तोडायची, "हातवारे नाहीत, भाषा आहे." म्हणणारच. तिचे आईवडील दोघंही जन्मापासून कर्णबधिर, धाकटा भाऊही तसाच. घरात ऐकू येणारी ही एकटी. सहा वर्षांची होती, तेव्हा डॉक्टरांनी आईचा आजार हिला सांगितला आणि हिने तो आईला सांगितला. त्या वयात पोरी बाहुलीच्या वेण्या घालतात.

बाबा सुतार. शहराच्या टोकाला सरकारी अनुदानावर चालणारी कर्णबधिरांची कार्यशाळा आहे, तिथे शाळांची बाकं बनतात. बाबा तिथे तीस वर्षं रंधा मारताहेत, आता जोडीला धाकटाही मारतो. यंत्र अडलं की तिथे भोंगा नाही वाजत, लाल दिवा लागतो. एक्केचाळीस माणसं, एकाहून एक कसबी, आणि त्यांतल्या एकालाही दुसरीकडे कोणी दारात उभं करत नाही. मूठ रंधा मारल्यासारखी तळहातावरून सरकवली की त्यांच्या भाषेत झालं त्या कार्यशाळेचं नाव.

गेल्या वर्षी काय झालं, ते आधी सांगायला हवं. अर्थसंकल्पाचं भाषण म्हणजे भलतंच गुपित, त्याची प्रत आधी मिळत नाही. कानांवर पडेल तसं सांगत जायचं. स्टुडिओचा नियम असा की, अवघड शब्द आला तर डोकं चालवायचं नाही, एकेक अक्षर बोटांनी दाखवून मोकळं व्हायचं. मंत्री म्हणाले, श्रवणयंत्रांसाठीच्या मदतीची 'पुनर्रचना' करण्यात येईल. हिने मुकाट्याने अक्षरं दाखवली. सभागृहात बाकं बडवली गेली. कार्यशाळेत टीव्हीसमोर बसलेल्यांना अक्षरांचा पत्ता लागला नाही, पण एवढी बाकं बडवताहेत म्हणजे आपल्याला काहीतरी मिळालं, असं त्यांना वाटलं. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. त्यांच्या टाळ्या तशाच असतात. तीन महिन्यांनी कळलं, मदत बंद झाली होती. स्वतःच्या तोंडाला पानं पुसली गेली, त्याला टाळ्या वाजवून बसले होते बिचारे!

बाबांनी तिला एवढंच विचारलं, "तुला कळलं होतं?"

कळलं होतं. न कळायला काय झालं! त्यांच्या घरात मान फिरवणं म्हणजे कानांत बोटं घालणं. तिने मान फिरवली.

ते वर्षभर तिला आतून खात होतं.

या वर्षी ती पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी होती, भाषणाला तास होऊन गेला होता. रस्ते झाले, बंदरं झाली, करांचे टप्पे झाले. मग मंत्री पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "कर्णबधिरांच्या कार्यशाळांच्या अनुदानाचं सुसूत्रीकरण करून ते व्यापक सक्षमीकरण अभियानात विलीन करण्यात येईल." लगेच बाकं बडवली गेली.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सुसूत्रीकरण म्हणे! ज्यांची भाकरी काढून घ्यायची, त्यांनाच असला शब्द चघळायला द्यायचा? अक्षरं दाखवायला तिचं एक बोट उचललं गेलं होतं, ते तिने मिटलं. मूठ तळहातावरून सरकवली: कार्यशाळा. अंगठा बोटांवर घासला: पैसा. मग दोन्ही तळवे दारासारखे आपटून मिटले: बंद.

दोन वाजता एक्केचाळीस माणसं अर्थखात्याच्या फाटकासमोर उभी होती. वार्ताहर त्यांनाच विचारत होते, काय झालं? ऐकू येणाऱ्या जगाला अजून काही कळलंच नव्हतं.

चार वाजता खात्याचे एक साहेब स्टुडिओत आले. शर्टाला इस्त्री कडक, चेहऱ्यालाही.

"भाषणात 'बंद' हा शब्द कुठे आहे, दाखवा."

"नाही."

"म्हणजे पदरचा घातलात."

तिने एव्हाना जाहीर झालेलं जाडजूड पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. कार्यशाळेच्या ओळीत गेल्या वर्षीचा आकडा होता, या वर्षीच्या रकान्यात आडवी रेघ. "हिला काय म्हणतात साहेब, तुमच्यात?"

"ती तांत्रिक बाब आहे. हे बघा, सहाच्या बातम्यांत मी खुलासा वाचणार आहे आणि तुम्ही तो चौकटीत सांगणार आहात. नाहीतर उद्यापासून यायचं नाही."

"सांगते की. पण मला समजलं नाही, तर हातांत उतरत नाही. पुढच्या महिन्यापासून कार्यशाळेला पैसे मिळणार?"

"अभियानांतर्गत प्रस्ताव मागवले जातील..."

"मिळणार का?"

"समन्वय समिती त्यावर..."

"साहेब, माझा भाऊ बाकं बनवतो. त्याला हो की नाही, एवढंच हवंय."

"नाही मिळणार!" साहेब भडकले. "झालं समाधान? पण असं म्हणायचं नसतं, एवढी साधी गोष्ट कळत नाही तुम्हाला?"

कॅमेरावाला खाली वाकून केबल बघत राहिला. केबलला काहीही झालेलं नव्हतं.

"आता कळलं," ती म्हणाली.

सहा वाजता कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. साहेबांनी घसा साफ करून वाचायला घेतलं, अनुदान बंद झाल्याची अफवा निराधार आहे, शासन कटिबद्ध आहे, वगैरे वगैरे. चौकटीत तिचे हात सावकाश, ठळक चालले होते. "हे साहेब खात्याचे. आत्ता मी यांना विचारलं, पैसे मिळणार का. म्हणाले, नाही मिळणार. पण असं म्हणायचं नसतं, म्हणाले."

साहेबांनी शेजारच्या पडद्यावर तिच्याकडे कौतुकाने बघितलं. "बघा, मनात आणलं तर जमतं की!" जाताना ते म्हणाले. तिने पर्स उचलली, कॅमेऱ्यासमोर चढवायचा आपला काळा सदरा काढून हातात घेतला आणि कपाटाची चावी टेबलावर ठेवली. उद्या कोणीतरी साहेबांना तिच्या हातांचा अर्थ सांगणार होतंच.

फाटकाशी ती पोचली, तेव्हा सगळे एका फोनभोवती जमले होते. कोणीही हात वर करून हलवले नाहीत. बाबा पुढे आले आणि तिच्याकडे बघत राहिले. या वेळी तिने मान फिरवली नाही. "कळलं," बाबांनी हातांनी सांगितलं. "सगळं कळलं."

तेवढ्यात धाकट्याचं लक्ष तिच्या हातातल्या सदऱ्याकडे गेलं. त्याने त्या सगळ्या माणसांवरून बोट फिरवलं: एक्केचाळीस. मग ते बोट तिच्यावर येऊन थांबलं: बेचाळीस. आणि फूटपाथवर जरा सरकून त्याने तिला बसायला जागा केली.