सुकीच्या माघारी

तलासरीकडच्या पाड्यांत लग्न ठरलं की आधी निरोप जायचा सुकीकडे. सुकी धवलेरी. भिंतीवर रंगवलेल्या लग्नाच्या चौकासमोर बसून देवांची गाणी म्हणायची, नवरानवरीचं लग्न लावायचं, हे तिचं काम. ऐन उमेदीत ती विधवा झाली, तेव्हा सासूनेच तिला ती गाणी शिकवली. एरवी दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई, पण मांडवात तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

मग निरोप कमी होऊ लागले. त्याच सुमारास सुकीच्या लक्षात आलं, की मोकळ्या गळ्याने बोलणाऱ्या बाया आता तोंडातल्या तोंडात बोलतात. बोअरिंगवर हसणं चाललेलं दिसे, ती जवळ गेली की बाया तिच्याकडे बघून गप्प होत. घरात सून संगिता पाठ फिरवून मोबाईलवर बोले. सुकीने काय म्हणालीस विचारलं, की संगिता म्हणे, "काय नाय."

ते "काय नाय" सुकीच्या डोक्यात घर करून बसलं. काही नसतं तर लपवलं कशाला असतं?

पावसाळ्यानंतर शेजारच्या बाबल्याच्या दोन शेळ्या मेल्या. त्याच आठवड्यात त्याच्या बायकोने सुकीला पाहून पोरीला आत बोलावून घेतलं. एखाद्या बाईला करणी करणारी भुताळी ठरवलं की तिचं काय होतं, हे सुकीने माहेरी लहानपणी पाहिलं होतं. त्या बाईला शेवटी कोणी चुलीपुरता विस्तवही देत नव्हतं. आपल्याला कोणी टाकण्याआधी सुकीनेच सगळ्यांना टाकलं. बाया घरी परतल्यावर ती पाण्याला जाई. संगिताच्या हातचं खाणंही तिने सोडलं. ओसरीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून स्वतःपुरता भात शिजवू लागली. मुलगा नविन समजूत घालायला आला, तर बायकोनेच याला पढवून पाठवलं असणार, असं तिने धरलं.

पाड्यातल्या हाल्याच्या मुलीच्या लग्नाला चिमीला बोलावणं आलं, सुकीला नाही. चिमी कित्येक वर्षं सुकीच्या बाजूला बसून गाणारी, सुकीनेच हाताखाली तयार केलेली. सुकी बोलावल्याशिवाय गेली आणि चिमीशेजारी बसून गाऊ लागली. जरा वेळाने चिमीने तिचा गुडघा दाबला. सुकीने मान वर केली. चिमीचे ओठ मिटलेले होते. मांडवातली सगळी तोंडं तिच्याकडे वळली होती. एकटी तीच गात होती.

ती उठून बाहेर गेली. चिमी मागोमाग आली.

"माझ्यावर काय आळ घेतलाय, तोंडावर सांग," सुकी म्हणाली.

चिमी तिच्या कानाशी वाकली. "आळ नाय, बाय. तुला ऐकू येत नाय. आम्ही थांबतो, तू म्हणतच राहतेस. तू आम्हाला शिकवलेलं. तुला सांगणार कोण?"

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

चिमीने मान डोलावली.

सुकीला सुटल्यासारखं वाटलं नाही. ती म्हणाली, "भुताळी म्हणाला असतात तर भांडले तरी असते तुमच्याशी."

संगिता तिला जीपने कासा गावच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथून पुढे पाठवलं, तपासण्या झाल्या, कानाला यंत्र मिळालं. तिने बाबल्याच्या पोरीचं विचारलं तेव्हा कळलं, की तिला त्या दिवशी ताप होता. सुकीने ते ऐकून घेतलं, पण मानलं की नाही, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

ती पुन्हा घरच्या चुलीवरचं जेवू लागली. मांडवातल्या गलक्यात यंत्र नुसतं किंचाळतं, म्हणून तिथे ती ते काढून ठेवते आणि चिमीच्या ठेका धरणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवून गाते. गुडघा थांबला की तीही थांबते. काही घरं बोलावतात, काही बोलावत नाहीत.

बाया खालच्या आवाजात बोलल्या, की अजूनही ती त्यांच्या ओठांकडे पाहते आणि काय म्हणाल्या ते पुन्हा सांगायला लावते. बाया कंटाळतात, पण सांगतात.