कलमं उपटणारे साहेब

"आधी खिडकी उघडा."

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की साहेबांचं पहिलं वाक्य हे. नमस्कार नंतर, चहा त्याहून नंतर. घरचं माणूस उठायच्या आत ते स्वतःच जाऊन कडी काढत. खिडकी उघडीच असली तर दुसरी शोधत. एकदा शेजारी सत्यनारायणाला गेले आणि हवा येऊ दे म्हणून दारावरचा पडदा सरकवताना आंब्याच्या पानांचं तोरणच खाली घेऊन आले. भटजी पोथी थांबवून बघत राहिले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बसलेली असली तरी उठायच्या बेतातच वाटतात. हा माणूस माझ्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा, त्यामुळे मला त्यांचा अभ्यास करायला भरपूर वेळ मिळाला. पहाटेपासून डोक्यावर येरझारा सुरू. चहाचा कप घेऊन जिन्यात उभे, जेवणाचं ताट घेऊन गॅलरीत उभे. "साहेब, टेका की जरा," म्हटलं तर "हो हो" म्हणत आणखी दोन पायऱ्या खाली उतरत.

ते मूळचे बुरोंडीचे. घरची होडी, भाऊ अजून समुद्रावर जातात. हे शिकले, इंजिनियर झाले आणि वाट्याला आला कचरा. गावोगावचे जुने डेपो बंद करून ती जमीन पुन्हा माणसांच्या उपयोगाची करायची, हे त्यांचं काम. त्यासाठी एका कंपनीनं त्यांना आमच्या रत्नागिरीत पाठवलं होतं.

आमच्या आळीच्या वर सडा आहे, जांभ्या दगडाचं उघडं माळरान. वर्षानुवर्षं तिथं कचरा पडत होता. वारा समुद्राकडून आला की मिरकरवाड्याच्या मासळीचा वास, सड्याकडून आला की डेपोचा. मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की आमच्याकडे लोक आधी वाऱ्याची दिशा बघत. पावसाळ्यात कचऱ्यातलं काळं पाणी कातळातून झिरपून आळीच्या विहिरीत उतरायचं. त्या विहिरीचं पाणी आम्ही कधीच सोडून दिलं होतं.

साहेब आले आणि सड्यावर एक भलीमोठी गोल चाळण दिवसभर फिरायला लागली. जुना कचरा खणायचा, चाळायचा, प्लास्टिक वेगळं, माती वेगळी. जे काढताच येणार नव्हतं ते एका बाजूला दाबून बसवलं, वर चिकणमाती, मग पावसाचं पाणी आत मुरू नये म्हणून प्लास्टिकचा काळा जाड कागद, त्यावर चांगली माती आणि गवत. आतला वायू बाहेर जावा म्हणून मधूनमधून उंच पाइप उभे केले. माझी मुलं त्यांना बगळे म्हणायची.

माझी मुलं म्हणजे अंगणवाडीतली. मी आमच्या आळीची अंगणवाडी सेविका. तेव्हा अंगणवाडी एका घराच्या पडवीत भरायची. पावसाची झड आली की पोरांना घेऊन भिंतीला चिकटायचं. त्याच पडवीत खिचडीची शेगडी, तिथंच खेळणी, तिथंच वजनकाटा. एका पक्क्या खोलीसाठी मी कुणाकुणाचे उंबरे झिजवले ते सांगत बसत नाही. आणि रत्नागिरीत सपाट जागा मिळते का हो? एक तर उतार, नाहीतर कातळ, नाहीतर कुणाची तरी आंब्याची बाग. त्यामुळे सड्यावर ती गवताची हिरवीगार सपाटी दिसली आणि मला तिथं माझी खोलीच दिसायला लागली.

जिन्यात साहेबांना गाठलं.

"साहेब, तिथं एक खोली बांधायला सांगा. लहानशी. पत्र्याची पण चालेल."

"खोली नको."

"का ओ?"

"खोलीला भिंती असतात, बाई."

"मग काय बिनभिंतीची बांधायची?"

"खाली अजून कुजतंय. त्याचा वायू वर येतो. मोकळ्यावर आला तर वाऱ्यानं उडून जातो. चार भिंतींत आला तर कोंडतो. आणि तुमी तिथं शेगडी पेटवणार."

"किती वर्षं कुजणार?"

"नक्की सांगता येत नाय. मुलं खेळू देत तिथं, धावू देत. छप्पर नको."

"नक्की सांगता येत नाय, तर तुमी इंजिनियर कसले?"

"आमचे भाऊ पण हेच विचारतात," असं म्हणून ते निघून गेले.

मला असा संताप आला की विचारू नका. ज्याला भाड्यानं ठेवला तोच माझ्या पोरांच्या मुळावर उठला. मी आळीतल्या बायकांना घरी जमवलं, पुढाऱ्यांकडे मोर्चा न्यायचं ठरवलं. आम्ही खाली बसून साहेबांच्या नावानं बोटं मोडत होतो आणि साहेब वरून खाली आले. त्यांनी शांतपणे माझ्या डोक्यामागची खिडकी उघडली आणि ते कामावर गेले.

मग कलमांचा प्रकार झाला.

साहेब पुतणीच्या लग्नाला बुरोंडीला गेले होते. काम जवळजवळ संपलेलं. आमच्या आळीत आबा म्हणून एक वयस्कर गृहस्थ आहेत, मुंबईची नोकरी संपवून परत आलेले. ते म्हणाले, "येवढी मोकळी जमीन आणि त्यावर हापूसचं कलम नाय? लोक हसतील आपल्याला." आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. मलाही. रिकामी माती दिसली की आमचे हात शिवशिवतातच. कुणी कलमं दिली, कुणी शेणखत, कुणी पेढे आणले.

कलमाला खड्डा खोल हवा, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. कातळात पहारीनं खणून खणून पिढ्यानपिढ्या हीच सवय. इथं तर पहार न लावताच फावडं आत जात होतं. "लोणी हाय ओ, लोणी," असं म्हणत पुरुषमंडळी खणत सुटली. खाली काळा कागद लागला. सगळ्यांना वाटलं, कंपनीनं जुनं प्लास्टिक तसंच ठेवलं. दोन शिव्या हासडून त्यांनी कोयत्यानं तो कापला, ओढून बाजूला टाकला आणि आणखी खोल गेले. मग जागेच्या राखणदार देवाला नारळ दिला, रीतसर गाऱ्हाणं घातलं. आबांनी एक कलम गेलेल्या बायकोच्या नावानं लावलं आणि पाणी घालताना त्यांचे डोळे भरून आले.

साहेब परतले ते एस्टीतून उतरून थेट सड्यावर. लग्नातला नवा शर्ट अंगात, पिशवी खांद्याला. मी पोचले तेव्हा ते गुडघ्यांवर बसून एकेक कलम काढत होते. मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू नये म्हणून दोन्ही हातांनी जपून काढत होते, पण काढत होते. आळीतली माणसं नुसती बघत उभी होती. आमच्याकडे जितं कलम उपटणारा हात मी तरी तोवर पाहिला नव्हता.

आबा जवळ गेले. "साहेब, लावलेलं झाड उपटताव? काय वाटत नाय?"

"वाटतं, आबा," ते म्हणाले आणि पुढच्या खड्ड्याकडे वळले.

आबांच्या बायकोचं कलम काढून झालं तेव्हा ते साइटवरच्या केबिनमधून वायू लागला की वाजणारं एक यंत्र घेऊन आले. माझ्या हातात दिलं. "तुमीच धरा. मी धरलं तर म्हणाल, बटण मीच दाबलं."

मी ते दोरीनं खड्ड्यात सोडलं. लगेच ते चिरकायला लागलं. वर घेतलं, गप्प. पुन्हा सोडलं, पुन्हा चिरकलं. आबांनी पेटवायला म्हणून तोंडात धरलेली विडी हळूच काढून खिशात ठेवली.

मला तिथं काय काय दिसलं सांगू? खिचडी खाऊन ओळीनं झोपलेली माझी पोरं, दार लोटलेलं, कोपऱ्यात शेगडी. मी यंत्र साहेबांच्या हातात दिलं आणि तशीच घरी आले. मोर्चाचं नाव मी परत काढलं नाही.

साहेबांनी प्रत्येक कलम ज्याचं त्याच्या दारात नेऊन दिलं, हात जोडून. आबांचं मात्र त्यांनी स्वतः लावलं, डेपोच्या हद्दीबाहेर, खऱ्या कातळात. दिवसभर पहार मारत होते. आबा शेजारी दगडावर बसून त्यांना पहार कशी धरायची नसते ते सांगत होते.

फाटलेला कागद सांधून झाला आणि पाऊस धरला. तो पावसाळा साहेबांनी कसा काढला ते मलाच ठाऊक. सर आली की हा माणूस छत्री न घेता वर. कुठे पाणी मुरतंय, कुठे माती खचतेय. परत आले की जिन्यात ओल्या पायांचे ठसे. "काय मिळालं?" विचारलं तर म्हणत, "काय नाय मिळालं, म्हणूनच काळजी."

श्रावणात एका वाऱ्यात पडवीचं छप्पर गेलं. सुट्टीचा दिवस होता म्हणून पोरं वाचली. मी ओली खेळणी गोळा करत होते तेव्हा साहेब येऊन उभे राहिले.

"बाई, तुमी माझ्या खोलीत वर जा राहायला. खाली तुमच्या घरात मुलं बसू देत."

"आणि तुमी?"

"साइटवर केबिन हाय की. कचऱ्याच्या बाहेर, कातळावर."

"ती गळते, साहेब."

"मी काय लहान मूल हाय?"

तेव्हापासून अंगणवाडी माझ्या घरात भरते. मी वर राहते. साहेबांनी उरलेला पावसाळा त्या गळक्या केबिनमध्ये काढला. जमिनीला पाठ टेकून ते झोपत असतील असं मला वाटत नाही. संध्याकाळी मी डबा पाठवायचे, तो चाटूनपुसून परत यायचा. आमच्यात याहून जास्त बोलणं झालं नाही.

गणपतींनंतर त्यांची बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या डेपोवर. मी पोलिओच्या बूथवर होते, ते तेवढ्यात निघूनही गेले. निरोप नाही, काही नाही. मला राग आला, आणि वाईटही फार वाटलं. एवढं सगळं झाल्यावर माणसानं बूथवरून जाताना हात तरी करावा.

गेल्या उन्हाळ्यात वॉर्डाची सभा झाली. आमच्या पुढाऱ्यांनी जाहीर केलं की त्या जागेवर हॉल बांधायचा. लग्नं होतील, हळदीकुंकू होईल. "आणि मागच्या बाजूला आपल्या बाईंच्या अंगणवाडीला पक्की खोली. फरशी, पंखा, नळ." टाळ्या पडल्या. सगळी माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. माझ्या खालच्या घरात आता मुलं मावत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी उभी राहिले. म्हणाले, तिथं काही बांधू नका, मैदान मोकळंच ठेवा, मला ती खोली नको. यंत्राची गोष्ट सांगितली, तर मागून कुणी म्हणालं की आता किती तरी दिवस झाले, तो वायू विरला असेल. एक शेजारीण म्हणाली, "अगो, तूच तर मागत होतीस ना?" परत येताना माझ्याबरोबर फक्त आबा होते, आणि त्यांना सभेत काय झालं ते अर्धं ऐकूच आलं नव्हतं. हॉलचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या सभेत मला पुन्हा उभं राहावं लागणार आहे.

त्या सभेहून घरी आले आणि साहेबांना फोन लावला. पहिल्यांदाच. पलीकडे चाळण फिरत असल्याची घरघर. मी सगळं सांगितलं, एका दमात.

साहेबांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खोली मोठी होती?"

"होती."

"फळा कुठं लावणार होतात?"

"पूर्वेच्या भिंतीला," मी म्हणाले आणि मला रडूच कोसळलं. त्यांनी समजूत घातली नाही, फोनही ठेवला नाही. मागे चाळण फिरत होती, आणि माझं रडू संपेपर्यंत ते फोन कानाला लावून तसेच थांबले.